गल्ल्यावरची वहिनी

जानू वारला आणि जुईनगर स्टेशनसमोरच्या त्याच्या बारमध्ये बायको मैना गल्ल्यावर बसू लागली. तेव्हापासून गिऱ्हाइकांचं पिणं अवघडलं. सगळे जानूचे दोस्त, वहिनीसमोर ग्लास उचलायचा कसा? कोणी तो टेबलाखाली धरी, कोणी भिंतीकडे तोंड करून बसे. एरवी हसण्या-भांडण्याने दणाणणाऱ्या त्या जागेत आता पंख्याची कुरकुर ऐकू यायची. शेजारच्या बारमधला कल्ला मात्र भिंत ओलांडून येई.

"वयनी, तू घरी बस. गल्ला मी बघतो," दीर निकेश म्हणाला.

"बार माजा हाय. मी कशाला घरी बसू?"

त्या संध्याकाळी मैनाने एक पेग भरून घेतला आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. पहिल्या घोटाआधी जानू करायचा तसंच तिने ग्लासात बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले.

"हे जानूचं," ती म्हणाली. तोंड वाकडं करत उरलेलं पिऊन टाकलं आणि गल्ल्यावर जाऊन बसली. "आता जो भिंतीकडं तोंड करून बसंल, त्याचा चकना बंद."

खुर्च्या करकरत वळल्या. मग एकेकाने ग्लास वर उचलला, बोट बुडवलं आणि आधी जानूला दिलं.