चेहरा न पाहता दिलेली दवंडी

सान एलियासमध्ये माणूस गेला की आधी एवेलिओ सेलेदोनला कळवायचे, मग पाद्र्याला. पाद्री फार तर स्वर्गाची वाट दाखवणार. गावाला मयताच्या घरची वाट दाखवायचे ते एवेलिओच्या जुन्या पिकअपवरचे दोन कर्णे. आधी संथ बाजा वाजायचा, मग नाव, घरचं लाडाचं नाव, कशानं गेला, घर कुठलं, माती किती वाजता. गाडी रस्त्याला लागली की पुरुष टोप्या काढत आणि बायका पिठाचा हात तसाच उचलून छातीवर क्रूस करत. मयत नसेल त्या दिवशी त्याच कर्ण्यांवरून एवेलिओ केळीच्या पानात उकडलेल्या मक्याच्या गरम नाकातामालांची जाहिरात करायचा.

धंदा बापाकडून आलेला आणि नियमही बापाचाच: आधी चेहरा बघायचा, मग दवंडी. बापानं एकदा ऐकीव बातमीवर सांतोस सुताराला मारून टाकलं होतं. सुतार तीन दिवस सासुरवाडीत पिऊन पडला होता. तो स्वतःच्याच मातीला वेळेवर हजर झाला, आणि कॉफी गार दिली म्हणून वर भांडला. गाव वर्षभर हसलं, बाप मात्र हसला नाही. "लोक आपल्या शब्दावर टोपी काढतात," तो म्हणायचा. "उगाच काढायला लावायची नाही."

त्या मंगळवारी सकाळी एवेलिओ अंगणात कॉफी घेत बसला होता. बायको नुबिया केळी तळत होती. फाटक उघडून सरकारी पक्षाचा सचिव वाल्मारो आत आला, हातात कागद घेऊन.

"साथी एवेलिओ, वाईट बातमी आहे," तो म्हणाला. चेहऱ्यावर वाईट काही दिसत नव्हतं.

कागदावर लिहिलं होतं: बिस्मार्क रुगामा, वय एकोणीस, मोटारसायकलच्या अपघातात निधन.

एवेलिओनं कॉफीचा कप खाली ठेवला. बिस्मार्कला बाप्तिस्म्याला हातावर धरणारा धर्मपिता तोच. पोराची विधवा आई थेल्मा त्या नात्यानं त्याला कोम्पाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. काय झालं होतं ते अवघ्या गावाला ठाऊक होतं. सरकारनं महिन्यापूर्वी गावचा रेडिओ बंद पाडला आणि निवेदिकेला तुरुंगात टाकलं. रेडिओ सुरू करा, तिला सोडा, एवढंच म्हणत पोरं सोमवारी रस्त्यावर आली, आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. बिस्मार्कच्या पोटात गोळी लागली. सरकारी दवाखान्यात नेलं, तर मोर्चातल्या कुणाला हात लावायचा नाही असा वरून हुकूम. तेव्हापासून दोनशे माणसं दवाखान्याच्या दाराशी गाणी म्हणत बसली होती. पोरावर उपचार करा, तोवर उठणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

"कधी गेला?" एवेलिओनं विचारलं.

"पहाटे."

"बघून येतो मग. नियम आहे आमचा."

"काय बघणार? पोट फाटलंय. धर्मपुत्राला तसा बघवेल तुला?" वाल्मारोनं ताटातलं एक केळं उचललं. "आणि कर्ण्याचा परवाना शुक्रवारी संपतोय ना तुझा? रेडिओवाल्यांचाही संपला होता. बिचाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही."

"पण अपघात? त्याला मोटारसायकल येत नव्हती हो."

"म्हणूनच तर झाला," वाल्मारो म्हणाला आणि स्वतःच हसला. "दवाखान्यावरून जा. तिकडे लोक उगाच ताटकळलेत."

तो गेल्यावर नुबिया झारा हातात घेऊनच बाहेर आली. "एवेलिओ, आधी चेहरा बघ."

"बघून काय जिवंत होणार आहे तो?" एवेलिओ खेकसला. भ्यालेला माणूस घरातच खेकसतो.

सात वाजता गाडी दवाखान्यापुढून गेली. बाजा ऐकताच गाणं थांबलं. नाव ऐकून माणसं उठली आणि टोप्या उतरल्या. आता कुणासाठी बसायचं? मयताच्या घरी खुर्च्या न्यायच्या, कॉफी उकळायची, ही गावाची रीत. पाव तासात दार मोकळं झालं, आणि पहारेकऱ्यानं त्याला साखळी घातली.

थेल्मा त्या वेळी घरी पोराच्या शर्टाला इस्त्री करत होती. नर्सनंच तिला धुतलेले कपडे आणायला पाठवलं होतं. पोराच्या मरणाची बातमी तिला त्याच्या धर्मपित्याच्या कर्ण्यातून कळली. ती शर्टासकट गाडीपुढे येऊन उभी राहिली.

"कोम्पाद्रे, काय बरळतोयस? तासापूर्वी पाणी मागितलं त्यानं माझ्याकडे!"

"कोमाद्रे... पहाटेच गेला म्हणे."

"म्हणे? तू बघितलास?"

एवेलिओनं गाडीचं दार उघडलं. त्यानं तिला शेजारी बसवलं आणि गाडी दवाखान्याकडे पिटाळली. पण दाराशी आता चिटपाखरू नव्हतं.

"मयत दुपारी मिळेल," पहारेकरी म्हणाला.

"जिवंत आहे तो! उघड!"

"बाई, गावभर दवंडी झाली. मी स्वतः टोपी काढली."

थेल्मानं साखळी हलवली, दगड मारला, हातापाया पडली. एवेलिओनं कर्ण्यावरून हाक घालायला हात पुढे केला, पण परवाना आठवला आणि हात मागे आला. हा त्याचा दुसरा गुन्हा, आणि तो पहिल्याहून मोठा होता. आत बिस्मार्क साडेदहापर्यंत जिवंत होता. नर्सनं मागाहून चोरून सांगितलं, की तो सारखा एकच विचारत होता: बाहेरचं गाणं का थांबलं?

दुपारी कागद पुढे आला. अपघात, कुणाविरुद्ध तक्रार नाही. सही करा आणि मयत न्या. आमच्या गावात सगळेच सही करतात. पोराला कुजत कोण ठेवणार? थेल्मानं सही केली. साक्षीदार लागतो म्हणाले, तेव्हा खाली एवेलिओनं केली.

मातीच्या दिवशी थेल्मानं त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो रडायला लागला तेव्हा ती म्हणाली, "माझ्यापुढे रडू नकोस. खोटं गावभर सांगितलंस ना? मग खरंही गावभर सांग."

गुरुवारी सकाळी त्यानं कर्णे पुसले. नुबिया दारात उभी होती. "घेऊन जातील तुला."

"ठाऊक आहे."

"मग मोठ्यानं बोल," ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

बाजा वाजला, टोप्या उतरल्या.

"बिस्मार्क रुगामा, घरचं नाव चेपे, वय एकोणीस. पोलिसांची गोळी लागली आणि दवाखान्यानं उपचार केले नाहीत, म्हणून मंगळवारी साडेदहाला गेला. सातला मी त्याला मेलेला म्हणालो तेव्हा तो जिवंत होता. तुम्ही दारातून उठलात ते माझ्या शब्दावर. मी त्याचा चेहरा बघितला नव्हता. दवंडी देणारा एवेलिओ सेलेदोन. आता नीट ऐका. उद्या कुठल्या कर्ण्यातून माझं नाव ऐकलंत, तर टोपी काढू नका. आधी माझा चेहरा बघा."

गावाची तिसरी फेरी चालू असताना पोलिसांनी त्याला गाडीतून ओढून काढलं. कर्णे त्यांनी तिथंच दगडांनी फोडले.

शनिवारी सकाळी गावात सरकारची नवी पांढरी गाडी आली. बाजा तोच होता. "एवेलिओ सेलेदोन, वय अठ्ठावन्न, हृदयविकाराच्या झटक्यानं..."

सवयीनं हात टोप्यांकडे गेले.

"हात खाली!" थेल्मा आपल्या दारातून ओरडली. नवऱ्याचं नाव ऐकून धावत आलेल्या नुबियाचा तिनं हात धरला आणि चालू लागली. खुर्च्या घेऊन मयताच्या घरी निघालेली माणसंही तिच्यामागे वळली.

पोलीस ठाण्याच्या फाटकाशी वाल्मारो बाहेर आला. समोर तीनशे माणसं होती, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी. "मेलेल्या माणसाचा काही मान ठेवाल की नाही?" तो गरजला. "टोप्या काढा!"

"आधी चेहरा दाखव," थेल्मा म्हणाली, आणि फाटकापुढे खाली बसली. तिच्यामागे गावानंही आणलेल्या खुर्च्या मांडल्या.