जे मलाही ऐकू आले नाही

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. मिरवणुकीत फुंकतात तो नव्हे. ज्याला ऐकू येत नाही त्याने माझे निमुळते टोक कानाशी धरायचे आणि दुसऱ्याने माझ्या रुंद तोंडात बोलायचे, एवढेच माझे काम. आज माझ्या अंगावर पोचे आहेत, हिरवा गंज चढला आहे. पण एके काळी माझ्या तोंडाशी वाकून एका बड्या दंडाधिकाऱ्याला बोलावे लागले होते, आणि त्यामुळे एका मुलीच्या गळ्यातला फास सुटला होता.

लंडनच्या एका अरुंद गल्लीत ओबदाया प्रिंगल नावाच्या कारागिराने मला घडवले. तांब्याचा पत्रा ठोकून, वळवून, डाख देऊन त्याने माझे अंग जोडले आणि वरून काळे रोगण चढवले. प्रिंगल फार अबोल होता. त्यामुळे दुकानात असेपर्यंत माणसांचे बोलणे मला फारसे ठाऊकच नव्हते.

मला विकत घेतले मिसेस लेटिशिया वेनिंग यांनी. त्या विधवा होत्या. त्यांच्या कादंबऱ्या त्या काळी इंग्लंडात घरोघर वाचल्या जात. एका तापात बाईंचे कान गेले होते, पण कित्येक वर्षे त्यांनी ते कोणाला कळू दिले नाही. त्या समोरच्याच्या ओठांवरून शब्द ओळखत. ओळखता आले नाहीत तर हसून मान हलवीत. एकदा मेजवानीत शेजारचे गृहस्थ आपले मूल गेल्याचे सांगत होते आणि बाई नेहमीसारख्या हसल्या. त्या गृहस्थांचा चेहरा पाहून आपण काय केले ते त्यांना उमगले. दुसऱ्या दिवशी त्या प्रिंगलच्या दुकानात आल्या.

"सगळ्यात मोठा द्या," त्या म्हणाल्या. "दिसू दे लोकांना."

असा मी त्यांच्या हाती आलो. लोक माझ्याकडे बघून हसत, पोरे मागून तुतारीचा आवाज काढत. बाई मला ताठ धरून चालत.

एका उन्हाळ्यात बाई लिहायला म्हणून कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील पोलवेरा गावी येऊन राहिल्या. गाव तारली मासळीवर जगत असे. तारली पकडायची, खारवायची, पिंपांत भरून बाहेर धाडायची. गलबते आणि खारवणाची कोठारे कॅप्टन सायलस ट्रेलोअर यांची. गलबतांची डागडुजी त्यांचा पुतण्या एडमंड पाही. मागच्या हिवाळ्यात त्यांचे एक गलबत वादळात बुडाले होते. त्यावरचा एकही माणूस परत आला नाही.

म्हातारे कॅप्टन रोज संध्याकाळी धक्क्यावर बाईंशी बोलत. एके दिवशी त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले.

"बाई, कोणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. ते गलबत वादळानं नाही बुडालं. त्याच्या फळ्या कुजल्या होत्या. मी विचारलं नाही, हा माझा गुन्हा. पण एकाला ते माहीत होतं. रविवारी प्रार्थनेनंतर मी गावासमोर उभा राहून सांगणार. त्यानंही उभं राहावं, असं त्याला बजावलंय."

"त्याला म्हणजे कोणाला?" बाईंनी विचारले.

"ते त्याच्याच तोंडून येऊ दे," कॅप्टन म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

तो रविवार कॅप्टनना दिसलाच नाही. शनिवारी दुपारी, चहाच्या वेळी, ते आपल्या खोलीत मरून पडलेले सापडले. शेकोटीतले कोळसे सारायची लोखंडी सळई रक्ताने माखून शेजारी पडली होती.

दिवस मावळायच्या आत त्यांच्या घरच्या मोलकरणीला पकडले. तिचे नाव जेनिफर नॅन्स. कोवळी पोर. तिचा बाप त्या बुडालेल्या गलबतावर होता, आणि 'मालकानंच माझ्या बापाला खाल्लं,' असे ती बाजारात सर्वांदेखत बोलून बसली होती. त्यात घर सांभाळणाऱ्या ग्रेस बोलिथो यांनी साक्ष दिली. भिंतीपलीकडून मालकांचा आवाज आला, 'जेनिफर, नको! ठेव ते!' आणि मग काहीतरी धाडकन पडले. एडमंडनेही बागेतून तीच हाक ऐकल्याचे सांगितले. दोघांची साक्ष जुळली. आता फक्त फाशीचाच काय तो प्रश्न उरला.

बाई तडक दंडाधिकारी सर हम्फ्री कार्लियन यांच्याकडे गेल्या आणि धक्क्यावरचे बोलणे त्यांना सांगितले. सर हम्फ्रींच्या मिशा एवढ्या झुपकेदार होत्या, की ओठ आहेत की नाहीत असे वाटावे. ते माझ्या तोंडात खो खो हसले.

"बाईसाहेब, तुमच्या कादंबऱ्या आमची बायको उशाशी घेऊन झोपते. पण हा खून खरा आहे हो! एक हाक दोघांनी धडधडीत ऐकली आहे. आणि तुम्ही मला सांगता काय, तर बहिऱ्या माणसानं ऐकलेलं!"

बाईंनी मला खाली घेतले. रस्ताभर त्यांची बोटे माझ्यावर घट्ट आवळलेली होती.

सुनावणीच्या आदल्या सकाळी त्या ट्रेलोअरांच्या स्वयंपाकघरात गेल्या. ग्रेस कणीक मळत होत्या. नोकरांना बोलावण्याच्या घंटा भिंतीवर ओळीने टांगल्या होत्या. मळण्याचे टेबल एका कोपऱ्यात, उजेड सोडून ओढलेले होते. बाईंची नजर टेबलावरून घंटांकडे गेली. त्या कोपऱ्यातून मान न वळवता सगळ्या घंटा दिसत होत्या.

एक घंटा वाजली. ग्रेसची नजर कणकेवर होती, त्या मळतच राहिल्या. नजर वर जाऊन घंटा हलताना दिसली तेव्हाच त्यांनी हात पुसले, वर जाऊन आल्या आणि पुन्हा मळायला लागल्या.

बाई उठल्या, ग्रेसच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि चांगल्या खड्या आवाजात म्हणाल्या, "ग्रेस, तुमच्या एप्रननं पेट घेतलाय."

ग्रेस कणकेचा गोळा वळत राहिल्या.

माझ्या अंगावर शहारा आला, मित्रांनो. बाई समोर येऊन बसल्या. त्यांनी मला स्वतःच्या कानाजवळून काढून ग्रेसच्या कानाशी धरले. ग्रेस दचकल्या. मग एकदम स्तब्ध झाल्या.

"हे काय... ही किटली का?"

"हो."

"अजून आवाज करते?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"किती वर्षं झाली, ग्रेस?"

ग्रेसनी एप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

"मालकांची हाक तुम्ही ऐकली नाहीत," बाई हलकेच म्हणाल्या. "ऐकणं शक्यच नव्हतं. त्या पोरीला फाशी देतील."

ग्रेसनी मला झटक्यात दूर लोटले. "आणि मला रस्त्यावर टाकतील, त्याचं काय? तुम्ही बहिऱ्या झालात, तर तुमच्या हातात तांब्याचा कर्णा आला. आमच्यासारखी बहिरी झाली तर तिला कोण ठेवतं? निराधारांना कोंडून राबवतात त्या गरीबखान्यात धाडतात. तुम्हाला काय जातंय बोलायला!"

ग्रेसचे ओठ वाचायला बाईंना माझी गरज नव्हती. तेवढ्यात ग्रेसची नजर दाराकडे गेली आणि चेहरा पांढराफटक पडला. दारात एडमंड उभा होता. तो शांतपणे जवळ आला, बाईंच्या हातातले माझे तोंड त्याने स्वतःकडे वळवले आणि अगदी गोड आवाजात बोलला.

"बाईसाहेब, या घरात सुतक आहे. कादंबरीसाठी दुसरं घर शोधा."

त्याच्या श्वासाला लवंगेचा वास होता. तो माझ्यात बराच वेळ कोंडून राहिला.

सुनावणी खानावळीच्या माडीवर होती. सारा गाव लोटला होता. बुडालेल्या खलाशांचे भाऊबंद दाराशी दाटीने उभे होते. जेनिफर पिंजऱ्यातल्या पाखरासारखी इकडेतिकडे बघत होती. ग्रेस साक्षीला उभ्या राहताच ती ओरडली, "मावशी, माझ्याकडे बघून सांगा की!" पण ग्रेस तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या सर हम्फ्रींच्या मिशांकडे बघत होत्या. त्या मिशांआडचे ओठ त्यांना दिसत नाहीत, हे त्या माडीवर फक्त बाईंना कळत होते. बाईंनी मला सर हम्फ्रींच्या दिशेने धरले होते, त्यामुळे प्रश्न मला स्वच्छ ऐकू येत होते.

"हाक तुम्ही ऐकलीत?"

"हो."

"शब्द नीट कळले?"

"हो."

"बोलिथो, या मुलीचा जीव तुमच्या एका शब्दावर आहे. पक्की खात्री आहे?"

या वेळी ग्रेस थबकल्या. त्यांनी एडमंडकडे पाहिले. माडीवर टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मीही कान टवकारले होते. पण मित्रांनो, मला काहीही ऐकू आले नाही.

आणि बाई ताडकन उभ्या राहिल्या.

"मिस्टर ट्रेलोअर, तेच जरा मोठ्यानं बोला."

"काय बोलू?" एडमंड म्हणाला.

"आत्ता बोललात ते. 'हो म्हण. नाहीतर गरीबखान्यात दोर पिंजत मरशील.'"

माडीवर एकच कल्लोळ झाला. एडमंड हात वर करून ओरडला, "मी शब्दही काढला नाही! सारा गाव साक्षीला आहे!"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसते ओठ हलवलेत. मला ओठ वाचता येतात, नाइलाजानं शिकले. पण ते शब्द माझ्यासाठी नव्हते. या बाईशी आवाज न काढता बोलता येतं, हे तुम्हाला कसं ठाऊक? आणि जिला ओठ वाचावे लागतात, तिनं भिंतीपलीकडची हाक ऐकली कशी?"

सर हम्फ्रींचे हसू केव्हाच मावळले होते. "बोलिथो, हे खरं आहे का?" त्यांनी विचारले. ग्रेस नुसत्या बघत राहिल्या.

"त्यांना तुमचे ओठ दिसत नाहीत," बाई म्हणाल्या. त्या गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या आणि त्यांनी मला ग्रेसच्या हातात दिले. ग्रेसनी मला घेतले, पण कानाशी नेईनात. मला कानाशी लावणे म्हणजे गावासमोर कबूल करणे. इतकी वर्षे झाकलेले एका क्षणात उघडे करणे. त्यांची बोटे बर्फासारखी गार होती. मग त्यांनी एकदाच जेनिफरकडे पाहिले, डोळे मिटले आणि मला कानाशी लावले.

सर हम्फ्री खुर्चीवरून उतरून खाली आले. वाकले. माझ्या तोंडात बोलले.

"तुम्ही हाक ऐकलीत?"

"नाही, साहेब." आवाज फाटलेला होता. "मला घंटासुद्धा ऐकू येत नाही. मी ती हलताना बघते."

"मग खोटं का सांगितलंत?"

"सगळे मला विचारतात, काय ऐकलं. काय पाहिलं, ते कोणी विचारलंच नाही."

सर हम्फ्री आणखी वाकले. "काय पाहिलंत?"

"मागच्या अंगणात पंपाखाली एडमंडसाहेब शर्टाचे कफ धूत होते. पाणी तांबडं होतं. मला वाटलं, मासळीचं असेल. मग आत आले आणि म्हणाले, काकांनी जेनिफरला हाक मारली, 'नको, ठेव ते' म्हणाले, ऐकलंस ना? मी हो म्हटलं. साहेब, मी सगळ्यालाच हो म्हणते. नंतर कळलं मला, कशाला हो म्हटलं ते. पण तोवर त्यांनी गरीबखान्याचं नाव काढलं होतं."

एडमंड दाराकडे धावला. दारातले खलाशांचे भाऊबंद जागचे हलले नाहीत.

पुढे मोठ्या कोर्टात सगळे बाहेर आले. कुजक्या फळ्या एडमंडला ठाऊक होत्या. रविवारी गावासमोर उभे राहायची त्याची तयारी नव्हती. त्याला त्याची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी बाईंच्या बुद्धीचे गोडवे गायले. ग्रेसचे नाव कोणी छापले नाही, माझे तर नाहीच. बाईंना प्रकाशकांनी गळ घातली, की यावर कादंबरी लिहा. त्यांनी लिहिली नाही. "ते माझं नाही," एवढेच म्हणाल्या.

ट्रेलोअरांचे घर बंद झाले आणि ग्रेसची भीती खरी ठरली. काम गेले. बाई त्यांना लंडनला चला म्हणाल्या. "समुद्र दिसला नाही, तर मी बघू काय?" असे म्हणून ग्रेस गेल्या नाहीत. मग बाईंनी त्यांच्यासाठी धक्क्याजवळ एक खोली घेतली आणि निघताना मला त्यांच्या टेबलावर ठेवले. ग्रेस नको नको म्हणत होत्या. बाई पाठ फिरवून निघून गेल्या, म्हणजे ओठ वाचायलाच नकोत.

जेनिफर ग्रेसशी बोलत नसे. रस्त्यात दिसली तर तोंड फिरवी. ते बरोबरच होते. मग एका हिवाळ्यात ती दार ढकलून आत आली आणि माझ्या तोंडात ओरडली.

"मी माफ केलेलं नाही!"

"ओरडू नकोस गं," ग्रेस कळवळून म्हणाल्या. "येतं मला ऐकू."

जेनिफर उभीच राहिली. मग टोपलीवरचे फडके काढून हळू बोलली. "केशराचे पाव आणलेत. गरम आहेत तोवर खा, मावशी."

त्या दिवसापासून ती येत राहिली. माफ केले, असे मात्र माझ्या तोंडात ती कधी बोलली नाही.

ग्रेस वारल्यावर मी जेनिफरच्या घरी आलो. तिच्या नातवंडांनी मला तुतारी केले, जावयाने दिव्यात तेल ओतायला घेतले. आता मी जाळ्यांच्या कोठीत एका खिळ्यावर लटकतो आहे. माझ्यात कोळ्याचे जाळे आहे आणि कोणी बोलत नाही.

मला घासूनपुसून ठेवा, असे मी सांगणार नाही, मित्रांनो. पत्र्याचे काय, तो आज ना उद्या झिजणारच. पण तुमच्या घरात कोणी सगळ्याला नुसते 'हो, हो' म्हणत असेल, तर त्यांच्यासमोर बसा. चेहरा उजेडात ठेवा आणि पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा सांगावे लागले तरी सांगा. माझ्या तोंडात लोक पुष्कळ वाईटसाईट बोलले, धमक्याही दिल्या. पण कानाशी मला धरून आशेने बसलेल्या माणसाचा चेहरा सर्वात जास्त पडला, तो एकाच वाक्याने. ते वाक्य तुम्ही कोणाला म्हणू नका: "जाऊ दे, काही विशेष नव्हतं."