उतारावरची डाळिंबे

मित्रांनो, मी एक जुना महामार्ग आहे. मुंबईहून बेंगळुरूला जाणाऱ्या लांबलचक वाटेचा पुण्याच्या वाट्याला आलेला तुकडा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून मी बाहेर पडतो, उताराने नवले पुलाकडे येतो आणि वारजे, बाणेर करत हिंजवडीच्या कडेने पुढे जातो.

माझ्या जागी पूर्वी शेते होती. या उतारापाशी तुळजाबाई नावाच्या शेतकरीण बाईंची ज्वारी उभी असे. मोजणीवाले आले, रोलर आले, खडी-डांबर पडले. आधी दोन पदरी होतो, मग चौपदरी, मग सहापदरी झालो. "वा, काय रस्ता आहे!" असे लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. तेव्हा मी शहराच्या बाहेरून जात होतो. पुढे शहरच माझ्या अंगावर चालून आले. केबलसाठी खणले, पाइपसाठी खणले, नीट बुजवले कधीच नाही. गाडीची काच खाली झाली की समजावे, एकतर पिचकारी येणार नाहीतर कचऱ्याची पिशवी. त्याचीही मला सवय झाली होती. पण गेल्या श्रावणातली एक सकाळ आठवली की अजून किळस येते.

मार्केट यार्डात डाळिंबे घेऊन निघालेल्या एका टेंपोचे ब्रेक उतारावर लागेनात. पुढे हिंजवडीच्या एका कंपनीची बस होती, माणसांनी भरलेली. तिच्यावर आदळू नये म्हणून चालक भैरूने टेंपो कठड्यावर घातला. टेंपो उलटला, डाळिंबे माझ्यावर पसरली आणि भैरू केबिनमध्ये अडकला.

गाड्या थांबल्या. मला वाटले, धावतील. धावलेच, पण डाळिंबांकडे!

"अहो, डिकीतली मोठी पिशवी आणा," एक बाई नवऱ्याला म्हणाली, "आणि फुटकी नका घेऊ."

बसमधला आमोद नावाचा तरुण उतरून मोबाईलवर चित्रण करू लागला. "पाणी द्या कुणीतरी," भैरू आतून म्हणत होता. तेही त्याने चित्रित केले.

तेवढ्यात सेवा रस्त्यावरच्या आपल्या चहाच्या टपरीतून त्याच तुळजाबाई पहार घेऊन धावत आल्या.

"लाज हाय का काही? आत माणूस हाय, माणूस!" त्यांनी आमोदचा दंड धरला. "ठेव तो मोबाईल खिशात आन् दार वढ. तुमच्या गाडीपायीच उलटलाय त्यो."

आमोदचा चेहरा उतरला. त्याने दार ओढले, बाईंनी पहार घातली. मग आणखी दोघे आले. भैरू बाहेर निघाला. त्याचा जीव वाचला, पण उजवा पाय गेला.

रुग्णवाहिका त्याला घेऊन गेल्यावर माझ्यावर एकही धड डाळिंब उरले नव्हते. रक्त मात्र होते. तुळजाबाईंनी टपरीतले पाणी आणून ते धुवायला घेतले. एक मोटार हळू झाली, काच खाली आली.

"मावशी, जरा बेताने! गाडी आत्ताच धुतली आहे."

बाईंनी उरलेले पाणीही त्या रक्तावर ओतले.

मित्रांनो, माझे खड्डे आज ना उद्या कोणीतरी बुजवेल. माझ्यावर थुंकू नका, कचरा टाकू नका, एवढे सांगायचा मला हक्क आहे. पण त्याहून मोठे मागणे एकच आहे. कधी माझ्यावर गाडी उलटलेली दिसली, तर खाली काय सांडले आहे ते बघू नका. आधी केबिनमध्ये बघा.