शंभराचा ढीग आणि वर एक्क्याण्णव

एकशे एक्क्याण्णव.

बाथरूमची जाळी पुन्हा तुंबली.

वडिलांचं टक्कल, माझ्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत चकाकणारं.

शनिवार, अकरा वाजता, पार्लर. कंबरेपर्यंतचे केस मानेपर्यंत.

चिमटा ऑफिसचा. (परत करणार आहे.)

जुळवून सांगते. मी बियाण्यांच्या प्रयोगशाळेत दाणे मोजते, चिमट्याने, दहा-दहा करत. महिनाभर माझ्या कंगव्यातले केसही तसेच मोजत होते. रोज दीडशेच्या वर. टक्कल पडण्याआधी आपणच कापून मोकळं व्हावं, असं ठरवलं.

"ताई, आधी डॉक्टरांना तर दाखवा," धाकटी जाऊ म्हणाली आणि मला ओढतच घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी आकडा ऐकला. "रोज पन्नास ते शंभर सगळ्यांचेच गळतात. तुमचे जरा जास्तच दिसतात. बघू." चिमूटभर केस धरून त्यांनी हलकेच ओढले. हातात एक आला. दुसरीकडे ओढले. एकही नाही.

"अहो, हे तर हलायचं नाव घेत नाहीत! कंगवा तुमचाच ना?"

"माझाच. मोजण्यात मी चुकत नाही."

"मोजणं बरोबर असेल. पण नमुना?"

नमुना! भेसळ हुडकण्यावर माझं पोट चालतं. मी वळून पाहिलं. धाकटी कानापर्यंत लाल.

"रागावू नका ना, ताई. मी रोज तुमच्याच कंगव्याने विंचरते. माझ्या कंगव्यात गुंतवळ दिसली की हे डोकं धरून बसतात."

"आणि मी माझ्या डोक्याला कात्री लावणार होते!"

"म्हणून तर तुम्हाला इथे आणलं!"

डॉक्टरीणबाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग त्यांनी धाकटीला खुर्चीत बसवलं. एका चिमटीत आठ केस आले. भांगही रुंद झालेला.

"हे नेहमीचं गळणं नाही."

धाकटीने भांगावर हात ठेवला.

"घाबरू नका. मुळं शाबूत आहेत. कारण सापडलं की उपचार करता येतो. रक्त तपासू."

गोळ्या सुरू होऊन आता पाच महिने झाले. भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर नवे केस ताठ उभे आहेत. भाऊजी रोज पाण्याचा हात फिरवून ते बसवायला बघतात. केस पुन्हा उठतात, धाकटी पुन्हा खिदळते, आणि मला कामावर जायला उशीर होतो.

रक्ताचा अहवाल डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्याच आठवड्यात गुरुवारी आला होता: लोह कमी, बाकी सगळं ठीक.