केव्हिनचा निळा कोट

आग्नेल मेला आणि परत आला, तेव्हापासून त्याला फुरसत नव्हती. विरारच्या हॉस्पिटलात त्याचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी शॉक देऊन पुन्हा चालू केलं, एवढंच खरं तर झालं होतं. पण कुवेतला उभं आयुष्य काढून आलेला हा माणूस. साधी गोष्ट साधी सांगणं त्याच्या रक्तातच नव्हतं. आज या आळीतल्या प्रार्थनासभेत साक्ष, उद्या त्या आळीत. उजेड काय, बाग काय, पांढऱ्या कपड्यातली माणसं काय! बायका डोळे पुसायच्या, आणि मग चहा आणि केक यायचा.

बर्थाने त्याची थट्टाच केली असती. या दिराच्या थापा ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. पण एकदा तो तिच्या ओट्यावर येऊन बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “वहिनी, मी केव्हिनला बघितला. आमच्या आईचा हात धरून उभा होता. निळा कोट, लाल टाय, एकदम साहेब! म्हणाला, मम्मीला सांग, मी पोचलो.”

बर्था तिथेच ढसाढसा रडली.

तिचा केव्हिन सातिवलीच्या गोडाऊनमधून बाईकवर घरी येताना हायवेवर अपघातात गेला होता. कित्येक वर्षं त्याने पापनिवेदन केलं नव्हतं, आणि पापांची क्षमा द्यायला फादर पोचायच्या आत सगळं संपलं. असा आत्मा थेट स्वर्गात जात नाही, शुद्धिस्थानात अडकतो आणि घरच्यांच्या प्रार्थनेवरच पुढे सरकतो, हे बर्थाला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून ती दर सोमवारी त्याच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थनेची मिस्सा ठेवायची. कामावरच्या पोराला डबा धाडावा, तितक्या नेमाने. आता पोरगा घरी पोचला म्हणतो, मग डबा कशाला? ईस्टरनंतर तिने मिस्सा बंद केली आणि शांत झोपू लागली. केव्हिनने जन्मात कोट घातला नव्हता, हे तिला आठवलं होतं. पण तेही तिने गोड मानून घेतलं. तिथे देत असतील.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला. दफनभूमीत घरोघरची माणसं कबरी धूत होती, झेंडूच्या पाकळ्यांचे क्रूस काढत होती. लेक जीनाने भावाच्या कबरीसाठी नवा दगड करून आणला होता. तिने वरचा कागद काढला आणि बर्थाच्या हातातली मेणबत्ती खाली पडली.

दगडावरच्या फोटोत केव्हिन होता. निळा कोट, लाल टाय.

“हा कोट कुठला?”

“स्टुडिओवाल्याने चढवला गं, कॉम्प्युटरवर. केव्हिनचा धड एक फोटो नव्हता, सगळे गंजीतले. तो गेला तेव्हाच्या मिस्सेला कार्ड छापलं होतं ना, त्यावरचाच हा.”

ते कार्ड बर्थाने कधी हातात घेतलंच नव्हतं. तिचं धाडस झालं नव्हतं.

“कार्ड कुणाकुणाला गेलं?”

“सगळ्यांना. आग्नेल अंकलना कुवेतला व्हॉट्सॲप केलं होतं.”

बर्थाला आधी रागही आला नाही. परक्याने फसवलं असतं तर ती चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. हा तिच्या हातचं जेवलेला दीर होता.

आग्नेल दोन कबरी पलीकडे मेणबत्त्या लावत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “कोट स्टुडिओवाल्याचा आहे, आग्नेल.”

त्याने दगडाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

“वहिनी, उजेड खरंच दिसला होता. शपथ. केव्हिनचं... तू जेवत नव्हतीस, सुकत चालली होतीस. तुला बरं वाटावं म्हणून बोललो. आणि वाटलं ना बरं?”

“वाटलं. म्हणून मी त्याची मिस्सा बंद केली. ईस्टरपासून माझं पोर उपाशी आहे.”

“अगं, असं कुठे असतं? या सगळ्या मनाच्या समजुती.”

तेवढ्यात मिस्सा सुरू झाली. ज्यांच्यासाठी घरच्यांनी प्रार्थना मागितली होती त्यांची नावं फादर लाऊडस्पीकरवर वाचू लागले. केव्हिनचं नाव येणार नव्हतं. बर्थाने या वर्षी ते दिलंच नव्हतं. तरी ती ऐकत राहिली.

“एलिसा. तिच्या आत्म्याला शुद्धिस्थानातून मुक्ती मिळावी म्हणून, मुलगा आग्नेल याच्याकडून.”

एलिसा म्हणजे तिची सासू. केव्हिन जिचा हात धरून स्वर्गात उभा होता, ती.

बर्थाने मान वळवली. आग्नेल खाली, मेणबत्तीकडे बघत होता.

“तुझ्या आईचा डबा तू चालू ठेवलास, आग्नेल,” ती म्हणाली, “आणि माझ्या लेकाचा बंद करायला लावलास.”