समाधानी अर्जदार

शर्टाची पाच काजं झालेली, सहावं अर्धं.

शेजारच्या खाटेवरची छाती मिनिटाला चौदा वेळा वर. मोजून, यंत्राच्या मर्जीने.

समितीच्या बंद दारामागे चमचे आणि हसू.

"पेन आहे का हो कुणाकडे?" दारातून कुणीतरी डोकावलं.

पेन ताईकडे होतं. शर्टांना काजं करून पोट भरणारी ही बाई सात नंबरच्या खाटेवरच्या रुग्णाची थोरली बहीण. वॉर्डात सगळे तिला ताईच म्हणत. "मला यंत्राला टांगून ठेवू नका," असं भावाने धडधाकट असताना शंभरदा बजावलेलं. आता यंत्र काढायचं की नाही, हे रुग्णालयाची नैतिकता समिती ठरवणार होती. ताईचा अर्ज एकोणीस दिवस पडून होता. आज बोलावणं आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. शर्ट सुईसकट पिशवीत कोंबून ती धावली.

"बसा ताई. हा फॉर्म भरा," अध्यक्ष म्हणाले.

"भावाचा?"

"छे हो, आमचा! आज समितीचं मूल्यमापन आहे. आम्ही कितपत कामाचे, ते तुम्ही सांगायचं. पाचपैकी गुण द्या."

"आणि त्याचं काय?"

"तो विषय पुढच्या बैठकीत."

"तो कुठे पळून चाललाय?" वकील सदस्य बिस्किट बुडवत म्हणाले. सगळे खिदळले.

तुमचं म्हणणं ऐकून घेतलं का? निर्णय वेळेत मिळाला का? ताईने फॉर्मवरचे प्रश्न वाचले. खरं लिहावं तर साहेब बिथरणार. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. तिने सगळीकडे पाच दिले आणि खाली लिहिलं, 'पूर्ण समाधान आहे. आपले उपकार.'

"वा! असे अर्जदार हवेत," अध्यक्षांनी कागद सचिवबाईंकडे सरकवला.

सचिवबाई नियमाच्या पक्क्या. अर्जदार पूर्ण समाधानी, म्हणजे मागणी शिल्लक नाही. त्यांनी ताईचा अर्ज काढला आणि त्यावर शिक्का हाणला: 'निकाली'.

"अहो बाई, यंत्र अजून लावलेलंच आहे!"

"मग नवा अर्ज करा. नंबर शेवटी लागेल."

"थांबा, ते पाच मी खोडते."

"म्हणजे फॉर्म खोटा भरलात? खोट्या माहितीवर कारवाई होते, ताई. वाचलं नाहीत खाली?"

ताईने हात मागे घेतला. पेन अध्यक्षांनी खिशाला लावलं.

अहवालात समितीची परिणामकारकता शंभर टक्के भरली.

यंत्र लागण्याच्या आठवडाभर आधी भावाने स्वतः समितीकडे बोलायला दहा मिनिटं मागितली होती; तीही 'पुढच्या बैठकीत' मिळणार होती.