लेकरू मार्का

खेमराजची बिडी चांगली होती, हे आमगावच्या बाजारात सगळेच कबूल करायचे. पान ताजं, तंबाखूत काडीकचरा नाही, भट्टीवरचा शेक बरोबर. पण बिडी ओढणाऱ्याला बहुधा अक्षर येत नसे. तो दुकानासमोर उभा राहून "वाघवाली दे", "घोडावाली दे" म्हणायचा आणि वाघाचं नाहीतर घोड्याचं चित्र असलेला बिड्यांचा कट्टा घेऊन जायचा. खेमराजचे कट्टे कोऱ्या कागदात गुंडाळलेले. ते फळीवर मागे पडून राहायचे.

दुसरं महायुद्ध लागायच्या थोडं आधीची ही गोष्ट. भावांपासून वेगळा झाल्यावर खेमराजनं वाट्याची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, ठेक्यानं दिली आणि घराच्या ओसरीत बिड्या वळायच्या बाया बसवल्या. बायको प्रेमिला स्वतः पानं भिजवायची, कापायची. सगळं जमत होतं. नव्हतं ते फक्त चित्र.

खेमराजनं कोळसा घेऊन भिंतीवर बैल काढला.

"हा बैल हाये का बाज हाये?" प्रेमिलानं विचारलं.

मग तिनं कमळ काढलं. ते पत्ताकोबीसारखं झालं. दोघंही हसले, पण त्या दिवशीही कट्टे खपले नाहीतच. गोंदियात नाटकाचे पडदे रंगवणारा एक पेंटर होता, त्याचा भाव ऐकून खेमराज पायरीवरूनच परतला. नागपूरहून चित्राच्या छपाईचा नवा ब्लॉक करून आणणं त्याहून महाग. शेवटी एका दुकानदारानं सांगितलं, की गोंदियाला स्टेशनजवळ मुन्नालालची प्रेस आहे, त्याच्याकडे जुने ब्लॉक पडलेले असतात. त्यातला एक निवडायचा आणि छापून घ्यायचा. स्वस्तात काम होतं.

मुन्नालालच्या प्रेसमध्ये शिरताच शाईचा, घासलेटाचा आणि सुपारी-तंबाखूच्या शिळ्या खर्ऱ्याचा वास अंगावर आला. खुर्चीमागची भिंत छातीएवढ्या उंचीपर्यंत पिचकाऱ्यांनी लाल झाली होती. मुन्नालालनं पायानंच एक टोपली पुढे ढकलली. आत जस्ताचा पत्रा ठोकलेले लाकडी ठोकळे होते. शाई सुकून काळे झालेले, एकावर एक पडलेले.

"देख लो सेठ. जो पसंद आए."

खेमराज एकेक ठोकळा उचलून बघू लागला. एकावर खरजेनं फुटलेला पाय होता, कुठल्याशा मलमाच्या जाहिरातीचा. एकावर पाठ उघडी टाकून आरशात बघणारी बाई. "ये वाला खूब चलता है," असं म्हणून मुन्नालालनं डोळा मिचकावला आणि शाईनं भरलेलं बोट तिच्या पाठीवरून फिरवलं. खेमराजनं तो ठोकळा टाकून दिला आणि हात धोतराला पुसले. ओसरीवर बाया बसतात, त्यांच्या हातात हे द्यायचं? एक वाघ होता, पण त्याचं अर्धं तोंड झिजलेलं. देव होते. देवाचं चित्र बिडीवर टाकलं, तर उद्या ते गटारात पडणार, म्हणून तेही नको.

तळाशी एक बाळ सापडलं. गोल चेहरा, कपाळाला काजळाची तीट, गळ्यात ताईत, एक मूठ मिटलेली. बघताच कोणालाही उचलून घ्यावंसं वाटेल असं.

"हा कोनाचा लेकरू हाये?"

"अरे, बंबई का माल है. कंपनी का फोटो."

मुंबईच्या कंपनीच्या बाळाला आपल्याकडची तीट आणि काळ्या दोऱ्यातला ताईत कसा, हे खेमराजच्या मनात आलं. पण चित्र सुंदर होतं आणि भाव परवडणारा होता. त्यानं पुढे विचारलं नाही.

लेबलं छापून आली आणि लेकरू मार्का चालला. सालेकसा, देवरी, पार केशोरीपर्यंत माल जाऊ लागला. ओसरी पुरेना म्हणून अंगणात मांडव घातला. बाया लेबल चिकटवताना बाळाचा गाल बोटानं दाबायच्या.

आमगावच्या बाजाराच्या दिवशी खेमराज स्वतः दुकान लावायचा. एका बाजाराला एक बाई समोर येऊन उभी राहिली. तिशीची असेल. नेसणं चांगल्या घरचं. हातात भाजीची पिशवी. तिनं कट्टा उचलला, उन्हाकडे धरला, परत डोळ्यांजवळ आणला.

"भाऊ, हा कोन होय?"

"कोनी नाही, बाई. छापातला लेकरू हाये."

"छापातला नाही. हा माहा गोविंदा होय." तिनं ताईतावर बोट ठेवलं. "हा ताईत माह्या मायनं बांधला होता. जावळं काढाचे होते. पत्रिकेवर टाकाले फोटू काढला होता गोंदियाले. पत्रिका छापून याच्या आधीच माताचा आजार आला, देवी निघाल्या आन तो गेला."

तेवढ्यात शेजारी उकिडवा बसलेल्या एका गिऱ्हाइकानं नवा कट्टा फोडला. लेबल टराटरा काढलं, तोंडातल्या तंबाखूचा बोटांना लागलेला चुना त्यावर पुसला, चुरगळून खाली टाकलं आणि वर थुंकला. मुद्दाम नाही. सगळे थुंकतात तिथेच थुंकला.

बाई खाली वाकली. तिनं तो चिखलाथुंकीतला कागद उचलला आणि पदरानं पुसायला लागली. पुसता पुसता तिची नजर बाजारात फिरली. भज्याच्या दुकानासमोर, बैलांच्या पायांत, नालीच्या कडेला, जिकडे तिकडे तोच चेहरा पडला होता. ती एकेक उचलत पुढे गेली.

खेमराजनं दुकान आवरलं आणि माल पोत्यात कोंबला. घरी आला तेव्हा अंगणात बाया लेबलं चिकटवत होत्या. शेजारी खळीची वाटी, वाटीवर माश्या.

"बंद करा," तो म्हणाला. "सारा बंद करा."

खेमराजनं प्रेमिलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी रोज त्याच्या तोंडाले खळ लावून राहिली होती." आणि हात धुवायला उठली. धुतले, पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी खेमराज पहिल्या गाडीनं गोंदियाला गेला. मुन्नालाल जेवत होता. वरणभाताच्या हातानंच त्यानं बसायची खूण केली.

"तुमाले माहीत होता, तो मेलेला लेकरू हाये म्हनून?"

"मालूम था. तो?" मुन्नालालनं घास गिळला. "बच्चा मर गया, बाप ब्लॉक लेने आया नहीं. अब मैं क्या उसको पूजूं? और सेठ, जिंदे का लगाते तो वो झगड़ा करता. ये कौन सा उठके आएगा?"

असं म्हणून तो हसला. दातांत भात होता.

"तो ब्लॉक द्या," खेमराज म्हणाला.

"ब्लॉक कैसे दूं? तुमसर का एक ग्राइप वॉटरवाला मांग रहा है. उसका भी बच्चे का ही धंधा है."

टोपली कोपऱ्यात होती. खेमराजनं ती जमिनीवर पालथी केली. खरजेचा पाय, उघड्या पाठीची बाई, झिजका वाघ, सगळं गडगडत गेलं. त्यातून बाळाचा ठोकळा उचलून तो बाहेर पडला. मागून शिव्या येत राहिल्या. पोलिसात जाईन, असंही मुन्नालाल ओरडला. गेला मात्र नाही.

बाजारात विचारपूस करून खेमराजनं बाईचं घर शोधलं. सालेकशाचे धान्याचे व्यापारी सेवकराम यांची ती बायको, देवकाबाई. सेवकराम गादीवर बसले होते. खेमराजनं हात जोडून झालेली गोष्ट सांगितली, माफी मागितली आणि ठोकळा पुढे ठेवला.

सेवकरामनी तो उचलून निरखला. ते काहीतरी बोलतील, रागावतील, म्हणून खेमराज मान खाली घालून उभा राहिला.

"खप कसा हाये?" सेवकरामनी विचारलं.

"जी?"

"तुमच्या बिडीचा. दुकानात मी आयकत राहतो, लेकरूवाली, लेकरूवाली." त्यांनी आवाज उतरवला. "बंद कायले करता गा? मानूस तर गेला, आता तो वापस थोडी येते. फोटू आमचा, बिडी तुमची. अर्ध्यात बसू. कागदपत्र मी पाहतो."

आतल्या दाराशी देवकाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बाजारातला थुंकणारा माणूस, जेवताना हसणारा मुन्नालाल आणि गादीवरचा हा बाप, यांच्यात आपणही बसलोय असं खेमराजला वाटलं. अगदी बरोबरीनं.

देवकाबाई पुढे आली. नवऱ्याच्या हातातून तिनं ठोकळा काढून घेतला. सेवकराम "अव, आयक तं" म्हणाले, पण ती थांबली नाही.

"भाऊ, कोपऱ्यातली कुदळ घ्या," ती खेमराजला म्हणाली, "आन माह्या संगं चाला."

तलावाच्या पलीकडे मोहाचं झाड होतं. त्याच्याजवळ, गोविंदाला पुरलं होतं तिथे, एक दगड रोवलेला. खेमराजनं दगडाशेजारी खड्डा केला. देवकाबाईनं पोलक्याच्या खिशातून बाजारात वेचलेली लेबलं काढली, धुऊन वाळवलेली. ती आधी घातली, वर ठोकळा ठेवला. जस्ताच्या पत्र्यावर चेहरा आरशातल्यासारखा उलटा होता. तिनं बघितलं आणि दोन्ही हातांनी माती लोटली.

"घरी उरलेली लेबलं मी जाळून टाकतो," खेमराज म्हणाला.

"जाळू नोका. लेकराले जाळत नाहीत. गाडा."

त्यानं ती अंगणातच पुरली. मग सायकल घेऊन दुकानादुकानांत माल परत मागत फिरला. काहींनी दिला. बहुतेकांनी वेड्यात काढलं. चालता माल कोणी परत नेतं का?

पुढे त्याची बिडी पुन्हा कोऱ्या कागदात बांधली जाऊ लागली आणि पुन्हा फळीवर पडून राहू लागली. वर्षभरात तो गोंदियाच्या एका मोठ्या कारखान्यासाठी बिड्या वळून द्यायला लागला. लेबलं तिकडेच चिकटवली जायची. कोणती, ते त्यानं कधी विचारलं नाही.